पायात धरलेलं लाकूड

आबांचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा मला त्यांची चक्क भीती वाटली होती. आबा म्हणजे आमच्या गावचे सुतार. माझे ते नात्याने कोणी लागत नाहीत; सगळं गाव आबा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. आम्ही मेंढरंवाले. वडिलांच्या काठीचा आकडा मोडला होता आणि तो बसवून आणायला मला त्यांच्याकडे धाडलं होतं. गावाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली बाभळीचं एक जाड, बुटकं खोड आडवं पडलेलं असायचं. त्यावर आबा बसलेले, आणि समोर लाकूड धरलेलं. हाताने नव्हे, पायांनी.

त्यांच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात इतकी फट होती की तिच्यात काठी सहज बसली. टाच खालून, बोटं वरून, आणि लाकूड जागचं हलेना. दोन्ही हात मोकळे. एका हातात पटाशी, दुसऱ्या हातात तिच्यावर हाणायची लाकडी मोगरी. पटाशी बोटांच्या इतकी जवळ पडत होती की मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर आबा लाकडाकडे बघतच नव्हते, रस्त्याने जाणाऱ्या कुणाला तरी विचारत होते, "काय पाव्हनं, कुनीकडं?" आणि मोगरी चालूच. माणसाला तिसरा हात असू शकतो आणि तो त्याच्या पायात असतो, हे मला त्या दिवशी कळलं. काठी घेऊन मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी काही कारण नसताना पुन्हा तिथे जाऊन उभा राहिलो.

तिथे एकच नियम होता. चपला झाडाच्या सावलीच्या बाहेर काढायच्या. औजार म्हणजे लक्ष्मी, तिच्याजवळ पायताण न्यायचं नाही. एकदा मी विसरून चप्पल घालून लाकूड तासायच्या वाकसाजवळ गेलो, तर आबा रागावले नाहीत, फक्त काम थांबवून माझ्या पायांकडे बघत बसले. मी चप्पल काढून आल्यावर मोगरी पुन्हा सुरू झाली. मी आगाऊपणे विचारलं, तुमचा तर सगळा पायच लाकडावर असतो, तो कसा चालतो? ते म्हणाले, "पाय देवानं दिलाय. चप्पल बाजारातून आनलीय."

असा मी त्यांच्याकडे काम शिकलो. पुढे माजलगावला आयटीआय केलं, सुतारकामाचा ट्रेड घेऊन. तिथे कमरेइतके उंच बेंच होते, लाकूड पकडायला लोखंडी व्हाईस होते, आणि उभं राहून काम करायचं असतं हेही सांगितलं होतं. ते मी शिकलो. म्हणजे शिकलो असं मला वाटलं. घरी आलो की मी पुन्हा लिंबाखाली मांडी मोडून बसायचो, आणि माझा पाय लाकडाला आपोआप जाऊन चिकटायचा.

पास झालो आणि मग डोळे उघडले. आमच्याकडे सुताराला आता काम कसलं? तिफण लोखंडाची, बैलगाडी गेली आणि ट्रॅक्टर आला, दारं दुकानात तयार मिळतात आणि खिडक्या ॲल्युमिनियमच्या. बरोबरची पोरं पुण्याला जाऊन प्लायवूडवर सनमायका चिकटवायला लागली. मलाही बोलावणं आलं होतं. पण मला चिकटवायचं नव्हतं. मला लाकूड हवं होतं, आख्खं, गाठींसकट, वास येणारं. हा माझा माज म्हणा किंवा वेड म्हणा, घरात दोन्ही शब्द वापरून झाले होते.

तशात वर्गातल्या एकाने फोनवर निरोप पाठवला की जर्मनीत लाकडाची घरं बांधणारे सुतार हवे आहेत. भाषा शिकावी लागेल आणि हाताची परीक्षा द्यावी लागेल. मी हसलोच. मग त्याखालचा व्हिडिओ पाहिला आणि माझं हसू थांबलं. सकाळी मोकळी जागा. क्रेनने एक आख्खी भिंत उचलली, खिडक्यांसकट, आणि गाईला दाव्याला बांधावं इतक्या सहज ती जाग्यावर आणून ठेवली. मग दुसरी भिंत, मग छपराचे वासे, सगळं लाकूड. उन्हं कलायच्या आत घर उभं. मी तो व्हिडिओ वडिलांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि पुन्हा लावायला सांगितला.

"आमी मेंढरं घिऊन कुटंकुटं गेलतो," ते म्हणाले, "पर घर असं उचलून नेत्यात हे बगितलं न्हाई."

माय म्हणाली, "आन् पावसात भिजल्यावर?"

"भिजल्यावर त्यांचं ते बगतील," वडील म्हणाले, आणि माझं जाणं तिथेच ठरलं. मी मेंढरांमागे फिरताना कानात वायर घालून जर्मन पाठ करायला लागलो. माळावर मी एक एक शब्द मोठ्याने म्हणायचो आणि मेंढरं माना वर करून बघायची. त्यांच्याइतकंच मलाही कळत होतं, पण हळूहळू कळायला लागलं.

परीक्षा माजलगावच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच तिथे लग्न झालेलं दिसत होतं. व्यासपीठावर झेंडूच्या पाकळ्या आणि नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या तशाच होत्या. खाली ओळीने बेंच मांडले होते. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि त्यांच्या गाण्यांनी हॉल दणाणत होता. परीक्षा घ्यायला जर्मनीहून घरं बांधणाऱ्या कंपनीचे खुद्द मालक आले होते, म्हातारे, उंच, पांढऱ्या भुवयांचे, आणि सोबत बोलणं समजावून सांगायला पुण्याच्या एक बाई. म्हाताऱ्यांनी येताना आपल्याकडचं लाकूड आणलं होतं. पहिल्यांदा त्यांनी प्रत्येकाला त्याचा वास घ्यायला लावला.

तो वास मी कसा सांगू? आमची बाभूळ कापली तर आंबट, तुरट वास येतो, नाकात जातो. हे लाकूड पांढरं होतं, हलकं, आणि त्याला राळेचा वास होता, गार आणि गोड. ज्या झाडाला मी कधी पाहिलं नाही, ज्याच्या खाली मी कधी बसलो नाही, त्याचा वास मी मंगल कार्यालयात घेत होतो. शेजारचा म्हणाला, "हुंगत काय बसलास बे, कर की सुरू."

काम सोपं होतं. एका लाकडाला कुसू काढायचं, म्हणजे जीभ, आणि दुसऱ्यात तिच्या मापाचं भोक पाडून ती त्यात बसवायची. असे चार कोपरे करून चौकट. औजारं आणि पोलादी टोकाचे बूट आपापले. बूट मी नवे घेतले होते आणि ते मला चावत होते. पण खरी अडचण लाकडाची होती. इतकं मऊ लाकूड मी कधी हाताळलं नव्हतं. व्हाईस आवळला की त्याच्यावर वळ उठायचे, सैल केला की लाकूड सरकायचं. पटाशी गुळाच्या ढेपेत शिरावी तशी शिरायची आणि कुठे थांबावं ते कळायचं नाही. पहिला कोपरा सैल झाला. घड्याळ पळत होतं. माझ्या कानात आबांची मोगरी वाजायला लागली.

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी खाली कधी बसलो ते मला आजही आठवत नाही. बूट काढले, ते औजारांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून नीट ठेवले, आणि लाकूड पायांत धरलं. आणि ते लाकूड पहिल्यांदा माझं ऐकायला लागलं. वळ नाही, सरकणं नाही. किती दाबायचं ते टाचेला बरोबर कळत होतं. दुसरा कोपरा केसभरही न हलता बसला. तिसरा बसला. मी इतका खुशीत होतो की हॉलमधले बाकीचे आवाज थांबलेत हेच मला कळलं नाही. मग मागून एक दबका आवाज आला, "जेवायला बसलास का बे?" आणि दोघंतिघं फिदीफिदी हसले.

माझ्या खांद्यावर हात पडला. म्हाताऱ्यांचा चेहरा पांढराफटक होता. त्यांनी माझ्या हातातली पटाशी अलगद काढून घेतली. मग ते माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि माझ्या पायांकडे खूप वेळ बघत राहिले. मी केलेला सांधा त्यांनी हातात घेतला, दाबून पाहिला, ओढून पाहिला, उजेडात धरला. बाईंना ते हळू आवाजात काहीतरी बोलले.

"सांधा चांगला आहे म्हणताहेत," बाईंनी सांगितलं. "पण तुम्हाला नेता येणार नाही. त्यांच्याबरोबर शिकलेल्या माणसाच्या पायाची बोटं अशीच गेली. त्यांच्या डोळ्यांदेखत. बूट काढणारा माणूस ते कामावर ठेवत नाहीत."

मी बाईंना म्हणालो, औजारापाशी बूट घालून बसत नाहीत आमच्याकडे, त्यांना सांगा. त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना पटलं असावं, पण उत्तर बदललं नाही. उसाचा हंगाम संपल्यावर ते पुन्हा येणार होते. तेव्हा यायचं असेल तर यावं, उभं राहून, बूट घालून, आणि पुन्हा असं केलं तर तिसऱ्यांदा येऊ नये. माझा राग कुणावर काढावा ते मला कळेना. हसणाऱ्यांवर, बुटांवर, स्वतःच्या पायांवर. गावाकडे येताना वडापच्या जीपमध्ये मी पाय सीटखाली लपवून बसलो होतो.

गावात उतरलो तो सरळ लिंबाखाली गेलो. आबांनी तोंड बघूनच ओळखलं.

"काम कावून गेलं हातचं?"

मी सगळं सांगितलं. खाली बसलो तेही, पायात लाकूड धरलं तेही. माझं संपल्यावर त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. माझ्याही अंगठ्याशेजारी तशीच फट पडायला लागली आहे, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. आबा उठले आणि घरात गेले. त्यांना वाईट वाटलं असेल असं वाटून मी आणखीच खट्टू झालो.

सकाळी करवतीच्या आवाजाने मी तिकडे गेलो आणि जागच्या जागी थिजलो. आबा आपलं खोड कापत होते. ते बसायचं बाभळीचं खोड. ते आबांच्या वडिलांनी मोटेच्या चाकासाठी आणलेलं होतं. मग विहिरीवर इंजिन आलं, मोट गेली, चाक झालंच नाही आणि खोड बसायला उरलं. बापलेकांनी जन्मभर त्यावर बसून काम केलेलं. बसून बसून त्याचा वरचा भाग तेल लावल्यागत चकचकीत झाला होता. आणि आबा ते उभं चिरत होते.

"आबा, काय करायलाव?"

"टेबल," ते म्हणाले. "तुज्या कमरेइतकं. ये हिकडं, उभा ऱ्हा." त्यांनी माझ्या कमरेला दोरी लावून माप घेतलं आणि पुन्हा कापायला लागले.

वाळून दगड झालेली बाभूळ ती. करवत तापायची, आम्ही पाणी मारायचो. दुसरं टोक मी धरलं होतं आणि ओढताना मला सारखं वाटत होतं की थांबवावं, पण मी ओढतच राहिलो. टेबल झालं. त्याला व्हाईस नव्हता, पण पाचर मारून लाकूड अडकवता येईल अशी खाच आबांनी केली होती. दुकानातलं पांढरं पॅकिंगचं लाकूड, मऊ, वळ उठणारं, तेही त्यांनी कुठून तरी मिळवून ठेवलं होतं. मला वाटलं, आता मला उभं करतील. पण आबा स्वतःच टेबलाशी जाऊन उभे राहिले, आणि मग आपल्या पोराला हाक मारून म्हणाले, "तुजे गमबूट आन."

पोरगा शेतात पाणी धरायला ते गुडघ्याएवढे काळे गमबूट घालायचा. आबांचे रुंद पाय माझ्या बुटांत शिरलेच नसते. त्यांनी आधी सगळी औजारं टेबलावर मांडली. दसऱ्याला मांडतात तशीच, ओळीने. एकेक औजार उचलून कपाळाला लावलं. आणि मग, माझ्या डोळ्यांसमोर, त्या माणसाने गमबुटांत पाय घातले आणि तो औजारांपाशी येऊन उभा राहिला. धोतर, उघडं अंग आणि गमबूट. मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या अंगावर काटा आला होता. ज्या सावलीत, माझी ती एक चूक सोडली तर, कुणाची चप्पल आलेली मी कधी पाहिली नव्हती, तिथे जाणूनबुजून सगळ्यात आधी पायताण घातलं ते आबांनी.

"तुमी कावून करायलाव हे?" मी कसंबसं विचारलं.

"बशून करायला तुला म्याच शिकवलं. उभं ऱ्हाऊन कसं करत्यात हे मला ठावं नसंल तर तुला काय सांगू?"

त्यांचं पहिलं कुसू भोकात गेलं आणि खुळखुळ वाजलं. आबांचं कुसू खुळखुळतं आहे, हे मी ऐकत होतो. त्यांनी ते कान लावून ऐकलं आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तो सांधा त्यांनी दिवसभर टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. येणारे जाणारे थांबायचे. कुणी म्हणायचं, "आबा, पूर आलाय का गावात, गमबूट घातलेत ते?" ते म्हणायचे, "यायलाय, तुमी घरी जावा." त्यांची पाठ दुखायची, गुडघे दुखायचे, पण संध्याकाळपर्यंत ते बसायचे नाहीत. बसायला काही राहिलंही नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी उभा राहायचो. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण ते कळत नव्हतं. दोघांचेही सांधे सैल, दोघंही चिडलेले. मग एका दुपारी त्यांना सापडलं. ते म्हणाले, पायाचं काम कमरेला दे. मी म्हणालो, म्हणजे? त्यांनी माझ्या पाठीवर पंजा ठेवला आणि मला लाकडावर रेलायला लावलं. टाचेला जे कळायचं ते मला ओटीपोटात कळायला लागलं, अंधुक, पण कळायला लागलं. त्या दिवशीचा माझा सांधा त्यांनी ओढून पाहिला आणि मला परत दिला. तो निघत नव्हता.

दुसऱ्यांदा मंगल कार्यालयात गेलो तेव्हा म्हाताऱ्यांनी मला ओळखलं. माझ्या चेहऱ्याआधी त्यांनी पायांकडे पाहिलं. मी औजारं मांडली, कपाळाला लावली, आणि बुटांनिशी उभा राहिलो. चौकट झाल्यावर त्यांनी ती चारी कोपऱ्यांनी हलवून पाहिली आणि माझ्याशी हात मिळवला. त्यांचा पंजा आबांच्या पंजाइतकाच खरखरीत होता.

आता मी इथे जर्मनीत आहे. पहिल्या दिवशी कारखान्यात शिरलो तेव्हा मी दारातच थांबलो होतो. आमच्या अख्ख्या गावाच्या चौकटी जोडून लावल्या तरी पुऱ्या पडणार नाहीत इतकी लांब तुळई एका माणसाने बटण दाबून उचलली. बाहेर डोंगरभर तीच झाडं, ज्यांचा वास मी माजलगावला घेतला होता. मी एका झाडाला हात लावून उभा राहिलो. व्हिडिओतल्यासारखं घर आम्ही खरोखर एका दिवसात उभं करतो, आणि मला अजूनही प्रत्येक वेळी ते खोटं वाटतं.

परवा आबांना व्हिडिओ कॉल केला. पोराने फोन धरला होता. आबा लिंबाखाली, टेबलाशी उभे, पायात गमबूट. मी म्हणालो, आबा, मी तर आलो इकडे, आता तुम्ही अजून उभं राहून कशाला करता, बसून करा की.

"बसू कशावर?" ते म्हणाले.

मग विषय बदलायचा म्हणून त्यांना एक गोष्ट सांगितली, जी इथे मी कुणाला सांगितलेली नाही. लाकूड व्हाईसमध्ये घट्ट असतं, मी बूट घालून उभा असतो, सगळं नियमाप्रमाणे असतं. पण पटाशीवर पहिली मोगरी पडते तेव्हा बुटाच्या आत माझ्या पायाची बोटं आपोआप आवळली जातात. लाकूड धरायला जातात.

आबांनी खाली आपल्या गमबुटांकडे पाहिलं.

"आवळू दे," ते म्हणाले. "माजी बी आवळत्यात. बुटात कुनाला दिसतंय."